राजकन्येची क्लॅरिनेट, अस्वलाचा बॅसून

पाश्चात्त्य अभिजात संगीतातला कॉन्चेर्टो म्हटलं की पुढे एक पियानो किंवा व्हायोलिन आणि मागे साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा असं चित्र डोळ्यांपुढे येतं. एकटा वादक एवढ्या मोठ्या समूहाशी बोलतो, कधी झुंजतो, कधी त्याला सोबत घेऊन जातो. रिखार्ड स्ट्राउसनं डिसेंबर १९४७ मध्ये पुरा केलेला ‘ड्युएट-कॉन्चेर्टिनो’ या चित्रात बसत नाही. इथे पुढे दोघं आहेत, एक क्लॅरिनेटवादक आणि एक बॅसूनवादक. मागे फक्त तंतुवाद्यं आणि एक हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचं उभं, मोठं तंतुवाद्य. ट्रम्पेट नाही, हॉर्न नाही, ड्रम नाही. तीन भाग आहेत, पण ते मध्ये न थांबता एकातून दुसऱ्यात वाहत जातात आणि सगळं मिळून विसेक मिनिटांत संपतं. हे लिहिलं तेव्हा स्ट्राउस ८३ वर्षांचा होता. त्यानंतर पावणेदोन वर्षांनी तो गेला.

स्ट्राउसवर बोलणं निघालं की या रचनेचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो. मला मात्र वाटतं की दोन वाद्यं ‘एकमेकांशी बोलतात’ असं जे संगीताबद्दल नेहमी म्हटलं जातं, त्याचा नेमका अर्थ ज्याला समजून घ्यायचा आहे त्यानं इथून सुरुवात करावी. वाद्यं कमी, लांबी कमी, दाटी कमी. कोण काय म्हणतंय ते नवख्या कानालाही ऐकू येतं. शिवाय म्हातारपणी हलकंफुलकं लिहिणं म्हणजे दमून बसणं, असा जो समज असतो तो या वीस मिनिटांपुढे टिकत नाही.

आधी एक घोटाळा दूर करू. हा स्ट्राउस म्हणजे व्हिएन्नाच्या वॉल्ट्झसाठी प्रसिद्ध असलेला योहान स्ट्राउस नव्हे, आणि दोघांचं काही नातंही नव्हतं. रिखार्डचा जन्म म्युनिकचा, ११ जून १८६४ चा. वडील फ्रान्झ तिथल्या दरबारी ऑर्केस्ट्रात मुख्य हॉर्नवादक होते. फुंकून वाजवायच्या वाद्यांचा आवाज या मुलाच्या कानावर घरातच पडत होता, आणि विशी गाठायच्या आत त्यानं आपला पहिला हॉर्न कॉन्चेर्टो लिहून टाकला. अंतराळावरच्या एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटाच्या सुरुवातीला जे दणदणीत संगीत वाजतं, तेही त्याचंच, १८९६ सालचं. आपल्यापैकी अनेकांनी नाव माहीत नसताना स्ट्राउस ऐकलेला असतो तो तिथे.

तरुण स्ट्राउसला आकारमानाची हौस होती. ‘सालोमे’ या १९०५ च्या ऑपेराला शंभराच्या वर वादक लागतात. १९१५ च्या ‘आल्पाइन सिम्फनी’त तो आकडा सव्वाशेच्या घरात जातो आणि वाऱ्याच्या नि मेघगर्जनेच्या आवाजासाठी वेगळी यंत्रं आणावी लागतात. पर्वत चढून उतरण्याचा अख्खा दिवस त्यानं ऑर्केस्ट्रात उभा केला. अशा माणसानं अखेरीस दोन लाकडी वाद्यं, तंतुवाद्यांचा एक ताफा आणि हार्प एवढ्यावर भागवलं. हात आखडता घेतला म्हणून हे झालेलं नाही. या दोन वाद्यांना दुसरी कोणतीही मांडणी एवढी मानवली नसती, आणि ते समजण्यासाठी त्यांच्या नळ्यांत डोकवावं लागेल.

क्लॅरिनेट आपल्याला अनोळखी नाही. लग्नाच्या वरातीतल्या बँडमध्ये गाण्याची चाल बऱ्याचदा तीच वाजवते. तिच्या तोंडाशी बोरूच्या जातीच्या नळाची एकच पातळ पत्ती बांधलेली असते. फुंकलं की ती कंप पावते आणि नळीतली हवा बोलू लागते. नळी जवळपास एकाच जाडीची, सरळसोट. बॅसूनला पत्त्या दोन असतात, एकमेकींवर बांधलेल्या, आणि हवा त्यांच्या फटीतून जाते. आपल्या सनईचंही तसंच असतं. म्हणजे बॅसून हा नात्यानं सनईच्या जवळचा, फक्त आवाजानं तिच्यापेक्षा कितीतरी खालचा. त्याची नळी निमुळती आहे, तोंडाकडून टोकाकडे हळूहळू रुंदावत जाणारी. तिची लांबी सुमारे अडीच मीटर भरते, म्हणून ती दुमडून बांधलेली असते. तरीही उभा केलेला बॅसून सव्वा मीटरहून उंच होतो.

नळीच्या या आकारानं आवाजाचा स्वभाव ठरतो. कोणताही स्वर एकटा नसतो. त्याच्याबरोबर त्याचे बारीक उपस्वरही वाजत असतात. एकाच जाडीच्या आणि एका टोकाला बंद असल्यासारख्या वागणाऱ्या नळीत, म्हणजे क्लॅरिनेटमध्ये, त्यांतले विषम क्रमांकाचे उपस्वर जोरकस असतात. म्हणून तिचा खालचा पट्टा गडद आणि पोकळ वाटतो. वरच्या पट्ट्यात जाताना तिचा स्वर एका सप्तकानं चढत नाही; सप्तक ओलांडून पुढच्या पंचमावर जाऊन बसतो. त्यामुळे खालची क्लॅरिनेट आणि वरची क्लॅरिनेट या दोन वेगवेगळ्या व्यक्तींसारख्या ऐकू येतात. चांगला वादक शांततेतून तिचा स्वर असा उगवू शकतो की तो नेमका कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. बॅसूनच्या निमुळत्या नळीत सगळे उपस्वर हजर असतात. त्याचा खालचा पट्टा घोगरा, पोटातून आल्यासारखा. मधला जरा नाकातला. आणि वरचा पट्टा, ज्याकडे लोकांचं लक्षच जात नाही, तो ताणलेल्या, आर्जवी पुरुषी आवाजासारखा. तुटक स्वर वाजवले की बॅसून गमतीदार वाटतो, आणि त्यामुळे कित्येक रचनाकारांनी त्याला विदूषकाचं काम देऊन ठेवलेलं आहे. स्ट्राउसही इथे आरंभी तेच करतो. पुढे काय होतं त्यात या रचनेचा जीव आहे.

आता ऑर्केस्ट्राकडे पाहू. बॅसूनचा मधला पल्ला हा हॉर्न, ट्रोम्बोन, चेलो यांच्याही वावरण्याचा पल्ला. पूर्ण ऑर्केस्ट्रात तो सहज बुडतो. बॅसूनसाठी एकल रचना लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. स्ट्राउसनं पितळी वाद्यं काढूनच टाकली. पण त्यानं आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला जास्त हुशारीची वाटते: ऑर्केस्ट्रातली बाकीची लाकडी वाद्यंही काढली. बासरी नाही, सनईच्या जातीचा ओबो नाही. त्यामुळे फुंकरीचा आवाज जेव्हा जेव्हा येतो, तेव्हा तो या दोघांपैकीच कुणाचा तरी असतो. कुणी बोलतंय का, असा प्रश्न पडत नाही. फक्त कोण, एवढंच ऐकायचं.

तंतुवाद्यांचेही त्यानं दोन थर केले. पुढच्या रांगेतले काही वादक एकएकटे वाजवतात आणि बाकीचे समूहानं. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीत आणि जर्मनीत ही पद्धत फार रुळलेली होती: मोजक्या वादकांचा एक गट, त्याच्यामागे मोठा गट, आणि दोघांत देवघेव. स्ट्राउसनं ती जुनी युक्ती परत काढली. त्यामुळे क्लॅरिनेटशी बोलायला कधी एकटं व्हायोलिन पुढे येतं, कधी एकटा चेलो, आणि गरज पडली की अख्खा समूह मागे उभा राहतो. ऑर्केस्ट्रा छोटा असूनही आवाज सारखा बदलता राहतो तो यामुळे.

दोन वादक असण्याचा आणखी एक साधा फायदा म्हणजे श्वास. व्हायोलिनवाल्याला श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्न पडत नाही. फुंकणाऱ्याला दर वाक्याला पडतो. १९४५ मध्ये स्ट्राउसनं ओबो कॉन्चेर्टो लिहिला होता. त्याच्या सुरुवातीलाच ओबोवादकाला ५६ मात्रागट जवळजवळ न थांबता वाजवावे लागतात, आणि त्या सुरुवातीचा धसका ओबोवादक आजही घेतात. दोघं असले की एकजण बोलत असताना दुसऱ्याला दम खाता येतो. आणि तो दम खात असताना श्रोत्याला वाटतं की तो ऐकतोय. संवादाचा भास अर्धा तर तिथेच तयार होतो.

ही जुगलबंदीच की, असं आपल्याला वाटेल. तुलना काही अंतरापर्यंत ठीक आहे. पण जुगलबंदीत दोघं एका रागाच्या चौकटीत त्या क्षणी सुचेल ते मांडतात, आणि दोघांचा मान पहिल्यापासून सारखा असतो. इथे एकूणएक स्वर लिहिलेला आहे, आणि सुरुवातीला दोघांचा मान मुळीच सारखा नाही. तो पुढे कसा सारखा होतो, हेच कथानक.

कथानक हा शब्द मी सहज वापरला नाही. वाद्यांना पात्रं करायची स्ट्राउसची सवय जुनी होती. १८९७ च्या ‘डॉन किहोते’ या रचनेत चेलो हा तो भ्रमिष्ट सरदार होतो आणि व्हिओला मुख्यतः त्याचा सेवक सांचो. ड्युएट-कॉन्चेर्टिनोच्या मागेही एक गोष्ट आहे आणि ती त्यानं मित्रमंडळींना सांगितलेली होती. एक राजकन्या नाचते आहे. एक अस्वल तिला पाहून तिच्यासारखंच नाचायला लागतं, वेडंवाकडं. ती घाबरते. पण अस्वल काही जात नाही. शेवटी तिला त्याची भीती वाटेनाशी होते, ती त्याच्याबरोबर नाचते, आणि अस्वलाचा राजपुत्र होतो. क्लॅरिनेट ती राजकन्या, बॅसून ते अस्वल. छापील स्वरलिपीत ही गोष्ट कुठेही लिहिलेली नाही. ती माहीत नसली तरी संगीत पूर्ण उभं राहतं. पण माहीत असली तर पहिल्या ऐकण्यात कानाला धरायला काहीतरी मिळतं, म्हणून मी ती लपवून ठेवत नाही.

ही रचना कुणासाठी लिहिली, हे सांगताना स्ट्राउसच्या आयुष्यातला अप्रिय भाग टाळता येत नाही. १९३३ मध्ये नाझी सरकारनं संगीताची जी सरकारी संस्था काढली, तिचं अध्यक्षपद त्यानं स्वीकारलं. १९३५ मध्ये ते गेलं. ज्यू लेखक श्टेफान त्स्वाइग हा त्याच्या एका ऑपेराचा शब्दकार होता. त्याला स्ट्राउसनं लिहिलेलं एक पत्र गेस्टापोच्या हाती लागलं, त्यात राजवटीबद्दलची नाराजी होती, आणि स्ट्राउसला राजीनामा द्यावा लागला. त्याची सून अलिस ज्यू होती. तिला आणि नातवांना वाचवण्याची धडपड त्याच्या पुढच्या कित्येक तडजोडींमागे होती. त्यामुळे त्याचं पद स्वीकारणं योग्य ठरतं असं मी म्हणणार नाही, आणि त्या काळात तो फक्त आपल्या कुटुंबाचं पाहत होता असं म्हणून हात झटकणंही मला अर्धवट वाटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

युद्धानं त्याचं जग जमीनदोस्त केलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये म्युनिकचं ऑपेरागृह बॉम्बहल्ल्यात गेलं, तेच, जिथे त्याच्या वडिलांनी आयुष्यभर हॉर्न वाजवला. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जळलं, जिथे त्याच्या १५ पैकी ९ ऑपेरांचे पहिले प्रयोग झाले होते. मार्चमध्ये व्हिएन्नाचं ऑपेरागृह. त्या दुःखातून ‘मेटामॉर्फोझेन’ ही २३ एकल तंतुवाद्यांची रचना आली, आणि ती ऐकताना कुणाला शंका राहत नाही की हा माणूस विलाप करतोय. ऑक्टोबर १९४५ मध्ये तो पत्नी पाउलिनेसह स्वित्झर्लंडला गेला. पैसे अडकलेले, नाझी काळातल्या वागण्याची चौकशी चालू, मुक्काम हॉटेलांत. त्या चौकशीतून तो जून १९४८ मध्ये मोकळा झाला. म्हणजे राजकन्या आणि अस्वल हे घरापासून दूर असलेल्या, निकालाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यानं हॉटेलात बसून रंगवलेले आहेत.

काम मागितलं ते लुगानोच्या इटालियन भाषक स्विस रेडिओनं. आणि रचना अर्पण केली गेली हुगो बुर्गहाउजर या बॅसूनवादकाला. हा व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये वाजवायचा, त्या ऑर्केस्ट्राचा प्रमुखही होता. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा त्याचं पद गेलं आणि त्याला देश सोडावा लागला. शेवटी तो न्यू यॉर्कला स्थिरावला. १९४६ मध्ये स्ट्राउसनं त्याला पत्र लिहून कळवलं की क्लॅरिनेट आणि बॅसूनचा एक दुहेरी कॉन्चेर्टो मनात घोळतो आहे आणि तो सुचताना खास बुर्गहाउजरचा सुंदर स्वर आठवतो. परागंदा व्हावं लागलेल्या वादकाला, त्या राजवटीत पद भूषवलेल्या रचनाकारानं ही भेट दिली. त्यातून माफीनाम्यासारखा काही अर्थ काढायचा का? मला तसं करायचं नाही; स्ट्राउसनं तसं कुठे म्हटलेलं नाही. पण बॅसूनला एरवी न मिळणारा मान या रचनेत मिळाला तो एका विशिष्ट माणसाचा आवाज कानात ठेवून लिहिल्यामुळे, एवढं नक्की.

आता प्रत्यक्ष ऐकू. पहिल्या भागाची सुरुवात एकेकट्या तंतुवाद्यांनी होते, हळुवार, घरगुती बैठकीसारखी. स्ट्राउसच्या ‘काप्रिचिओ’ या १९४२ च्या ऑपेराचा पडदा उघडायच्या आधी सहा तंतुवाद्यं जे वाजवतात, त्याची आठवण इथे हटकून येते. मग क्लॅरिनेट शिरते. तिची चाल लांब आहे, वळणावळणाची, उंच उडी मारून सावकाश खाली उतरणारी. बराच वेळ तीच एकटी बोलते. आपण विसरूनही जातो की दुसरा कुणी वादक तिथे बसलेला आहे.

आणि मग खालून बॅसून येतो. त्याच्याकडे चाल नाही. आहे ती एक तोकडी आकृती, जी तो पुन्हा पुन्हा घोळवत वर सरकत राहतो. क्लॅरिनेट दचकते. तिच्या लांब ओळी तुटतात आणि जागी धावरे, फडफडणारे स्वरसमूह येतात. पुष्कळांना इथे फक्त गंमत ऐकू येते. मी सुचवीन की या जागी क्लॅरिनेटपेक्षा बॅसूनकडे कान द्यावा. तो तिची नक्कल करायचा प्रयत्न करतोय, पण त्याच्याजवळ तिच्या वाक्याचे तुकडेच आहेत. तो तेवढेच म्हणतो, परत म्हणतो, थोडं लांबवतो. वाक्य जुळायला लागतं तसतसं त्याचं हास्यास्पद वाटणं कमी होत जातं. पहिला भाग संपेपर्यंत दोघं एकत्र वाजवायला लागलेले असतात, जरी अजून बरोबरीनं नाही.

दुसरा भाग संथ आणि छोटा, तीनेक मिनिटांचा. माझ्या मते रचनेचा गाभा इथे आहे, आणि तो बॅसूनला दिलेला आहे. तंतुवाद्यं थरथरत्या, अस्पष्ट आवाजात पाठीशी, हार्पचे स्वर मध्ये सांडलेले, आणि त्यावर बॅसून गातो. वर म्हटलेला तो दुर्लक्षित वरचा पट्टा इथे उपयोगी पडतो. घोगरेपणा जातो, विदूषक जातो, उरतो एक आर्जवी आवाज, आणि त्याच्या ओळी आता लांब आहेत. क्लॅरिनेट आधी गप्प राहते आणि मग हलकेच त्याला येऊन मिळते. गोष्ट बाजूला ठेवली तरी ऐकू येतं ते हे: पहिल्या भागात ज्याच्याकडे फक्त तुकडे होते, त्याच्याकडे आता पूर्ण वाक्य आहे, आणि जिच्याकडे वाक्य होतं ती ऐकते आहे. रूपांतर घडतं ते इथे, स्वरांच्या लांबीत. राजपुत्राचा पोशाख त्यानंतरची गोष्ट.

एका छोट्या, मोकळ्या, ठेका सैल सोडलेल्या जागेवरून दोघं तिसऱ्या भागात उतरतात. तो रोन्डो आहे, म्हणजे एक मुखडा पुन्हा पुन्हा परत येतो आणि मधल्या जागांत नवनव्या गोष्टी घडतात. आपल्या गाण्यातल्या ध्रुवपदाचं तत्त्व ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हा भाग पहिल्या दोन्हींच्या बेरजेएवढा लांब आहे. इथे दोघं एकमेकांची वाक्यं पूर्ण करतात, एकानं अर्धवट सोडलेलं दुसरा उचलतो, कधी दोघं मिळून एकच ओळ समांतर वाजवतात. क्लॅरिनेटच्या उंच स्वरांपासून बॅसूनच्या तळापर्यंत जवळपास पाच सप्तकांचा पल्ला दोघांकडे आहे, आणि स्ट्राउस त्या सगळ्यात त्यांना मनसोक्त फिरवतो. वाजवायला हे भयंकर अवघड आहे. ऐकणाऱ्याला ते कळू द्यायचं नाही, ही वादकांची कसोटी.

आपल्या सवयीच्या कानाला एक गोष्ट मात्र बुचकळ्यात टाकते. आपल्याकडे मैफलीच्या आरंभी षड्ज ठरतो आणि तानपुरा तो शेवटपर्यंत सोडत नाही. इथे षड्ज हलतो. रचना एफ मेजर या पट्टीत सुरू होते आणि तिथेच संपते, पण वाटेत एकाच वाक्यात जमीन सरकल्यासारखी दुसरीच पट्टी येते, दोन-चार क्षण तिथे उजेड पडतो, आणि काही झालंच नाही अशा थाटात संगीत मूळ जागी परततं. ही स्ट्राउसची खूण आहे. त्याची कोणतीही चाल पाच-सहा मात्रागट ऐकली की ती सापडते. यात हरवल्यासारखं वाटलं तर वाटू द्यावं. चालीचा हात धरून राहायचं, पट्टी परत येतेच. दोन-तीनदा ऐकल्यावर नेमकी तीच निसटती जागा कधी येते याची वाट पाहायला आपण लागतो.

स्ट्राउस स्वतः या शेवटच्या वर्षांतल्या वाद्यरचनांना मनगटाचा व्यायाम म्हणायचा. ‘काप्रिचिओ’बरोबर आपलं खरं काम संपलं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि काही समीक्षकांनी ते जसंच्या तसं मानलं. काळही असा होता की हे संगीत जुनाट वाटावं. त्याच १९४७ मध्ये आर्नोल्ड शोनबर्गनं वॉर्साच्या ज्यू वस्तीतल्या संहारावरची रचना लिहिली. पुढच्या वर्षी विशीतला पिएर बुलेझ पियानोवर जुनी सगळी घडण मोडून काढत होता. त्यांच्याशेजारी राजकन्या आणि अस्वल म्हणजे डोळे मिटून घेणं, असं कुणी म्हटलं तर त्यामागची अस्वस्थता मला समजते. पण मनगटाचा व्यायाम हे मला पटत नाही. व्यायामात कुणाचं काही बदलत नाही. इथे एका वाद्याबद्दलचं आपलं मत वीस मिनिटांत बदलतं, आणि ते बदलण्यासाठी लागणारी प्रत्येक पायरी मोजूनमापून बसवलेली आहे. पितळी वाद्यं वगळणं, क्लॅरिनेटला आधी भरपूर वेळ देणं, बॅसूनला आधी चाल नाकारणं, संथ भाग फक्त तीन मिनिटांचा ठेवणं: यातलं एकही पाऊल बदललं तर परिणाम ढासळेल.

मुंबईशी या जगाचा एक धागा आहे. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले. तिथे ऑर्केस्ट्राचं संचालन शिकवणारे त्यांचे गुरू हान्स स्वारोव्स्की हे स्ट्राउसच्या जवळच्या वर्तुळातले. ‘काप्रिचिओ’त जे फ्रेंच सुनीत गायलं जातं, त्याचा जर्मन अनुवाद त्यांनीच करून दिला होता. मेहतांनी पुढे स्ट्राउसच्या मोठ्या ऑर्केस्ट्रा-रचना आयुष्यभर वाजवून घेतल्या. त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकून ज्यांना स्ट्राउस आवडला आहे, त्यांनी या छोट्या रचनेकडे जरूर यावं. तोच हात इथे जवळून दिसतो.

पहिला प्रयोग ४ एप्रिल १९४८ रोजी लुगानोला झाला. ऑटमार नुसिओ संचालक, क्लॅरिनेटवर अर्मान्डो बाझिले, बॅसूनवर ब्रूनो बेर्गामास्की, आणि साथीला तिथल्या रेडिओचा ऑर्केस्ट्रा. त्यानंतर स्ट्राउसनं गाणी लिहिली, त्यांत सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीचा स्त्रीआवाज, आणि ऑर्केस्ट्रासाठीची ती चार प्रसिद्ध गाणीही, जी तो गेल्यानंतर मे १९५० मध्ये लंडनला पहिल्यांदा गायली गेली. एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा असं मात्र त्यानं पुन्हा काही लिहिलं नाही.

ऐकायचंच तर संचालक रुडोल्फ केम्पेनं ड्रेस्डेनच्या ऑर्केस्ट्राबरोबर सत्तरच्या दशकात केलेलं ध्वनिमुद्रण आधी शोधावं. त्यात मानफ्रेड वाइझे क्लॅरिनेट वाजवतात आणि वोल्फगांग लीब्शर बॅसून, दोघंही त्याच ऑर्केस्ट्रातले. ही रचना आजही वाजत राहते त्यामागे हेही एक कारण असावं. तिला बाहेरून बोलावलेला महागडा तारा लागत नाही. प्रत्येक ऑर्केस्ट्रात मुख्य क्लॅरिनेटवादक आणि मुख्य बॅसूनवादक असतातच, वर्षानुवर्षं एकमेकांच्या आसपास बसून वाजवणारे, एकमेकांचा श्वास ओळखणारे. त्यांना फक्त खुर्च्या उचलून पुढे यायचं असतं.